आवृत्तिबदल आणि दुरुस्ती : विंडोज एक्सपीच्या इतिहासातील एक प्रश्न

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, लोक वेळेवर का बदलीत नाहीत, या प्रश्नाला सामान्यतः एकच उत्तर दिले जाते. ते म्हणजे आळस. हे उत्तर पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही, हे विंडोज एक्सपीच्या इतिहासाच्या आधारे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आणली. आरंभी ती निर्दोष नव्हती. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने असंख्य यंत्रे बेजार केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देण्याची प्रथा कंपनीने सुरू केली, आणि ऑगस्ट २००४ मध्ये दुसरा सर्व्हिस पॅक देऊन संरक्षणव्यवस्था पुष्कळच सुधारली. तात्पर्य, एक्सपीवरील लोकांचा विश्वास हा दुरुस्त्यांनी कमावलेला होता.

३० जानेवारी २००७ रोजी 'व्हिस्टा' सर्वसामान्य ग्राहकांपुढे आली. जुन्या यंत्रांची मेमरी तिला अपुरी पडे, आणि अनेक प्रिंटर-स्कॅनरांचे ड्रायव्हर तिच्यासाठी तयार नव्हते. पहिला सर्व्हिस पॅक येईपर्यंत थांबावे, हा संगणक सांभाळणाऱ्यांचा जुना संकेत होता; व्हिस्टाने त्यास बळकटी दिली. पुष्कळ संस्थांनी व्हिस्टा अजिबात वगळून २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ ची वाट पाहिली. या विलंबामागे अनुभव व विचार होता, हे मान्य करावे लागते.

एक्सपीला मिळणारे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. तरीही ब्रिटिश सरकारने सुमारे ५५ लक्ष पौंड देऊन आपल्या सार्वजनिक संस्थांसाठी ते एक वर्ष वाढवून घेतले. इस्पितळांतील एमआरआयसारख्या काही यंत्रांत एक्सपी अंगभूतच होती; ती बदलणे उत्पादकाच्या हाती होते, इस्पितळाच्या नव्हे.

यानंतर १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'चा हल्ला झाला. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० आरोग्य-ट्रस्टांस त्याची झळ पोहोचली. रुग्णांच्या सुमारे १९,००० ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या असाव्यात, असा ब्रिटिश राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने अंदाज दिला. दोष प्रथम एक्सपीच्या माथी मारण्यात आला. परंतु त्याच कार्यालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या अहवालावरून निराळेच चित्र दिसते. बाधित झालेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ ची होती. तिला साहाय्य चालू होते, आणि या हल्ल्यास प्रतिबंध करणारी दुरुस्ती १४ मार्च रोजीच उपलब्ध झाली होती. ती बसवावी असा इशारा १७ मार्च व २८ एप्रिल या दोन्ही दिवशी देण्यात आला होता. मात्र ती त्या यंत्रांवर बसविलेली नव्हती. ब्लास्टरच्या वेळीही असेच घडले होते. तेव्हाची दुरुस्ती हल्ल्यापूर्वी, जुलै २००३ मध्येच, निघाली होती.

येथे दोन निर्णयांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. आवृत्ती बदलणे हा एक निर्णय. आहे त्या आवृत्तीची दुरुस्ती करणे हा दुसरा. पहिल्यात थांबण्याने बहुधा लाभ होतो, कारण नव्याचे दोष इतरांच्या अनुभवाने उघड होतात. दुसऱ्यात स्थिती उलट असते. दुरुस्ती प्रसिद्ध होताच दोष कोठे आहे हे हल्लेखोरासही कळते, आणि विलंबाचा प्रत्येक दिवस त्याच्या पथ्यावर पडतो. दुरुस्तीनेही चालते काम क्वचित बिघडते, म्हणून चाचणीपुरता अवधी न्याय्य आहे. पण मार्चमध्ये निघालेली दुरुस्ती मेपर्यंत न बसणे हे चाचणीने समर्थनीय ठरत नाही.

विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर हाच प्रश्न पुन्हा उपस्थित झाला आहे. त्याचा विचार करताना 'लोक का बदलत नाहीत' एवढेच विचारून भागणार नाही. ते कोणता निर्णय लांबणीवर टाकीत आहेत, आणि तो निर्णय त्यांच्या हाती आहे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.