शिंदी, सडवा आणि पहिली धार : सोलापुरातील आंबवणीचा इतिहास

सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा असूनही येथे ज्वारीपासून बिअर करण्याची परंपरा रुजली नाही, याकडे मद्याच्या इतिहासाचे अभ्यासक क्वचितच लक्ष देतात. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांत याच धान्याला मोड आणून, ते वाळवून, भरडून आणि शिजवून घरोघरी बिअर केली जाते. धान्यातील पिष्ट यीस्टला, म्हणजे साखरेचे अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्म बुरशीला, थेट वापरता येत नाही; त्याची आधी साखर व्हावी लागते आणि ते काम मोड येताना धान्यात तयार होणारी विकरे करतात. जिल्ह्यातील मंगळवेढा-मोहोळच्या घरांतही ज्वारीचे पीठ आंबवले गेले, पण ते आंबिलीसाठी. तेथे आंबटपणा आणणारे जीवाणू काम करतात आणि नशा येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मोड आलेल्या ज्वारीत सायनाइड सोडणारे द्रव्य वाढते, त्यामुळे मोड नीट न वाळवता वा न शिजवता वापरणे धोक्याचे असते. कोवळी ज्वारी खाल्ल्याने जनावरांना किराळ लागते, ती याच द्रव्यामुळे. तथापि सोलापुरात बिअर झाली नाही याचे मुख्य कारण बहुधा अधिक साधे असावे : ओढ्याकाठी शिंदीची झाडे होती आणि पुढे गुळाच्या ढेपाही मिळू लागल्या, म्हणजे साखर आयतीच हाताशी होती.

घरगुती आंबवणीत चुका होतात, हे राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना बिघडलेल्या सुरेचे काय करावे याचाही विचार केलेला आहे : ती अन्यत्र विकावी, दासांना वा कामकऱ्यांना वेतनाऐवजी द्यावी, नाहीतर जनावरांना आणि डुकरांना घालावी. कामकऱ्यांविषयीची ही तरतूद आज वाचताना अस्वस्थ करते, कारण बिघडलेला माल गरिबाच्या गळ्याखाली उतरवण्याची रीत पुढेही सुटली नाही. त्याच प्रकरणात कुटुंबांना उत्सवासाठी आणि औषधासाठी स्वतःपुरते मद्य करण्याची मुभाही दिलेली आहे. करणारा आणि पिणारा एकाच घरातील असला, तर बिघडलेले मडके ओतून देण्यात त्याचे नुकसान मर्यादित राहते. या लेखातील पुढील विवेचनाचा आधार हाच आहे.

शिंदी हे खजुराच्या कुळातील रानटी झाड आहे. शेंड्याखालच्या खोडाचा भाग सोलून त्यावर छेद घेतला जातो आणि खाली बांधलेल्या मडक्यात रस रात्रभर ठिबकत राहतो. पहाटे उतरवलेला, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. त्यात साधारण दहा ते बारा टक्के साखर असते. हवेतील आणि मडक्यातील यीस्ट काही तासांतच तिला आंबवते, तेव्हा चार-पाच टक्के अल्कोहोल असलेली शिंदी तयार होते, आणि ती तशीच राहिली तर दुसऱ्या दिवसापर्यंत तिचे व्हिनेगर होऊ लागते. म्हणजे ही आंबवण माणसाने सुरू करावी लागत नाही. त्याचे सारे कौशल्य ती वेळेवर थांबवण्यात आणि वेळेवर पिण्यात असते. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात, कारण चुन्यामुळे रसातील आंबटपणा कमी होऊन यीस्टचे काम मंदावते. चुना कमी पडला तर नीरा फसफसते, जास्त झाला तर ती तुरट लागते. जुने मडके धुऊन धूर न देता पुन्हा बांधले तर आदल्या दिवसाचे आंबट जीवाणू नव्या रसात उतरतात. छेद खोल गेला तर झाडच दगावते, आणि खरे पाहता या व्यवसायातील सर्वांत मोठी चूक तीच होती, कारण तिची भरपाई व्हायला वर्षे लागत. या सगळ्या चुकांचा परिणाम चवीवर आणि उत्पन्नावर होत असे. जिवावर बेतण्याचा प्रसंग आला तर तो झाडावरून पडणाऱ्याच्या.

हे चित्र बदलण्यास महसुलाची व्यवस्था कारणीभूत ठरली. मुंबई आबकारी कायदा १८७८ साली आला. आबकारी म्हणजे मद्य आणि मादक पदार्थांवरील सरकारी कर व नियंत्रण. या कायद्याने रस काढण्याच्या झाडांवर कर बसला, विक्रीचे मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले आणि घरगुती आंबवण गुन्ह्याच्या कक्षेत आली. याच सुमारास, १८७७ मध्ये, सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली आणि गिरण्यांबरोबर कामगारांची वस्ती वाढली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मूळ प्रदेशात ताडी-शिंदी पिण्याची जुनी चाल होती. मागणी शहरात, झाडे ओढ्याकाठी आणि मधे मक्तेदार अशी साखळी तयार झाल्यावर पहाटेचा रस संध्याकाळी गिरणी सुटल्यावर विकणे भाग पडले. आंबटपणा झाकण्यासाठी साखर किंवा सॅकरिन, आणि पाणी घालून कमी झालेली नशा भरून काढण्यासाठी आणखी काही मिसळणे, ही सवय अशा साखळीतच वाढीस लागते. पुढच्या काळात महाराष्ट्रात बनावट ताडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगी आणणारे रसायन मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आली. अशा पेयात झाडाच्या रसाचा थेंबही नसू शकतो.

शिंदीचे झाड सरकारी उत्पन्नाचे चिन्ह बनले होते, हे १९३० च्या मे महिन्यात सोलापूरने सर्वांत ठळकपणे दाखवून दिले. ५ मे रोजी महात्मा गांधींना अटक झाल्याची बातमी पसरल्यावर शहर पेटले, आणि ८ मे रोजी लोक रूपाभवानी परिसरातील शिंदीची झाडे तोडण्यासाठी गेले. त्यातून उद्भवलेल्या संघर्षात गोळीबार झाला, शंकर शिवदारे हुतात्मा झाले, आणि काही दिवस ब्रिटिशांचा अंमल जवळजवळ संपुष्टात आल्यानंतर १२ मेपासून शहरात मार्शल लॉ लागू करण्यात आला. या संघर्षाच्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या घटनेचा विचार बहुधा राजकीय इतिहासातच होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु जमावाने कुऱ्हाड चालवण्यासाठी हेच झाड निवडले, यात आबकारीविषयीचा अर्धशतकाचा राग होता, हेही नोंदवले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ साली झाला आणि १९५० पासून संपूर्ण राज्यात दारूबंदी आली. तिचा हेतू प्रामाणिक होता. परंतु तिच्या काळात हातभट्टीचा, म्हणजे चोरून गाळलेल्या दारूचा, धंदा फोफावला आणि पुढे निर्बंध सैल झाले तरी स्वस्तपणामुळे तो टिकला. जुना गूळ पाण्यात कालवून पिंपात ठेवतात आणि त्यात नवसागर टाकतात. काही ठिकाणी बाभळीची सालही टाकली जाते. हे आंबलेले मिश्रण म्हणजे सडवा किंवा रसायन. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. गुळात यीस्टला लागणारे नत्र अपुरे असते आणि नवसागरातून ते मिळते, म्हणून या उपायामागे अनुभवाचे शहाणपण आहे. मात्र प्रमाण वाढले की क्षारांमुळे तेच यीस्ट मंदावते. मग घाई झालेला भट्टीवाला युरिया टाकतो, आणि युरिया व अल्कोहोल यांच्या संयोगातून इथाइल कार्बामेट हे कर्करोगाशी निगडित संयुग तयार होऊ शकते. रसायनांची रिकामी पिंपे, तांब्याच्या नळीवरील कळंक आणि शिशाचे डाग यांतूनही विष उतरते. धाडीच्या भीतीने पिंप जमिनीत पुरून झाकलेले असल्याने आत काय चालले आहे, हे पाहण्याची सोयच राहत नाही.

भट्टीवरचा सर्वांत रुजलेला गैरसमज पहिल्या धारेविषयीचा आहे. सडवा तापवल्यावर सुरुवातीला जी वाफ थंड होऊन येते, ती सर्वांत तीव्र असते म्हणून तिला मान आणि भाव मिळतो. परवानाधारक कारखान्यात मात्र ॲसिटाल्डिहाइडसारखी लवकर उडणारी द्रव्ये तिच्यात जास्त असल्यामुळे ती वेगळी काढली जाते. दुसरा गैरसमज काडी लावून पाहण्याचा : निळी ज्योत दिसली की दारू शुद्ध, असे मानले जाते, पण मिथेनॉलही निळसर, जवळजवळ न दिसणाऱ्या ज्योतीने जळते. मिथेनॉल हे औद्योगिक विद्रावक आहे. ते शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, ते दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते, आणि सुमारे दहा मिलिलिटर मात्राही आंधळेपण आणू शकते. गुळाच्या सडव्यातून मिथेनॉल नगण्यच निर्माण होते. विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटना बहुतांशी बाहेरून आणलेले मिथेनॉल मिसळल्याने घडतात. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे मेली, ती अशा दारूने. त्या मृत्यूंना आंबवणीतील चूक म्हणणे म्हणजे मिसळणाऱ्याचा अपराध झाकणे होय.

सोलापूर शहरालगतचा मुळेगाव तांडा हातभट्टीच्या बातम्यांत दीर्घकाळ येत राहिला. तांडा म्हणजे बंजारा समाजाची वस्ती, आणि अशा वस्त्यांतील भट्टीला समाजाचा स्वभाव मानण्याची वसाहतकालीन दृष्टी अजून पुरती गेलेली नाही. वस्तुतः जमीन आणि स्थिर रोजगार नसलेल्या कुटुंबांना गूळ, पिंप आणि सरपण एवढ्या भांडवलावर चालणारा हा धंदा होता. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले, तेव्हा धाडींबरोबर एकेक गाव पोलीस अधिकाऱ्यांकडे दत्तक देण्यात आले, कुटुंबांचे समुपदेशन झाले आणि दुसऱ्या कामाची सोय लावण्याचा प्रयत्न झाला. आधीच्या दशकांतील धाडींत सडवा ओढ्यात ओतला जाई आणि काही दिवसांत नव्या पिंपात पुन्हा गूळ भिजे. येथे मात्र गूळ भिजवणाऱ्या कुटुंबाच्या पोटाचा हिशेब पोलीस कारवाईच्या आराखड्यात मांडला गेला.