भाजणे : जैवनिर्देशक

गंभीर भाजल्यानंतर रक्तात किंवा लघवीत ज्यांचे प्रमाण बदलते आणि ज्यांवरून रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा काहीसा अंदाज बांधता येतो, असे मोजता येणारे घटक. अतिदक्षता विभागात त्यांना सरसकट ‘मार्कर’ म्हणतात.

जखम त्वचेला होते. पण शरीराचा सुमारे पंचमांशाहून अधिक पृष्ठभाग भाजला की तिचा परिणाम सर्वांगावर होतो. केशवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्तदाब उतरतो आणि पेशींना प्राणवायू अपुरा पडतो. ही अवस्था रक्तातले लॅक्टेट दाखवते. निरोगी माणसात ते लिटरमागे 2 मिलिमोलपेक्षा कमी असते. पुरेसे सलाईन देऊनही पहिल्या दिवसात ते खाली आले नाही, तर लक्षण वाईट. विजेने भाजलेल्यांत स्नायू जळतात, त्यांतले मायोग्लोबिन लघवीत उतरते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. ही खूण मात्र प्रयोगशाळेआधी परिचारिकेलाच दिसते : लघवीच्या पिशवीतला रंग चहासारखा गडद होतो.

खरी पंचाईत जंतुसंसर्ग ओळखण्याची. अशा रुग्णाला ताप असतोच. नाडी जलद, पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि सी-रिॲक्टिव्ह प्रथिनही चढलेले, मग जंतू असोत वा नसोत. म्हणून प्रोकॅल्सिटोनिनकडे लक्ष गेले. एरवी अवटू ग्रंथीत बनणाऱ्या कॅल्सिटोनिनचे हे पूर्वरूप. त्याचा जंतुदोषाशी असलेला संबंध फ्रेंच संशोधकांनी 1993 मध्ये दाखवला. मात्र ते नुसत्या भाजण्यानेही सुरुवातीला वाढते आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उसळते. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर प्रतिजैविक ठरवणे धोक्याचे. रोजचा चढउतार पाहावा लागतो. बिंबाणूंचेही तसेच. पहिल्या काही दिवसांत ते घटतातच, म्हणून अमेरिकन बर्न असोसिएशनच्या 2007 च्या निकषांत सुरुवातीचे तीन दिवस ही घट सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्ग सर्वांगाला भोवल्याची, खूण धरलेली नाही.

इंटरल्यूकिन-6 सारख्या दाहाच्या घटकांवर बरेच संशोधन झाले आहे. तरीही त्यांची तुलना होते ती एका साध्या बेरजेशी. फ्रेंच शल्यचिकित्सक सर्ज बो यांनी 1961 मध्ये वय आणि भाजलेल्या भागाची टक्केवारी मिळवून मृत्यूचा धोका आजमावला. सुधारित पद्धतीत श्वासमार्गाला धुराची इजा असल्यास 17 वाढवतात : चाळिशीचा, 50 टक्के भाजलेला, धूर छातीत गेलेला रुग्ण 107 वर पोहोचतो.