हस्तलिखित निवड (मराठी कथासाहित्य)
हस्तलिखित निवड म्हणजे प्रकाशनासाठी आलेली कथा वा कादंबरी वाचून ती स्वीकारणे, दुरुस्तीसाठी परत पाठवणे किंवा नाकारणे. मराठीत हे काम प्रकाशक स्वतः किंवा त्यांचे संपादक व सल्लागार करतात. मौज प्रकाशन गृहाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकाशी चर्चा करून पुनर्लेखन करवून घेण्यासाठी ओळखले जात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या (स्थापना १९६०) नवलेखक अनुदान योजनेत पहिल्या पुस्तकाचे हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासले जाते.

भंडारा जिल्ह्यात व लगतच्या प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीतील लेखनाबाबत, प्रमाण मराठीबाहेरची रूपे अशुद्ध मानून बदलायची की कथेची भाषा म्हणून राखायची, हा निर्णय परीक्षकाला घ्यावा लागतो.