बेटावरची शेती: खाऱ्या पाण्यावर भाजी कशी पिकते?

ट्विचवर गेमिंगचं लाइव्ह पाहिलं असेल, तर पत्त्याच्या शेवटी ‘डॉट टीव्ही’ दिसलं असेल. हे टीव्ही म्हणजे टेलिव्हिजन नाही, तर तुवालू या देशाचं इंटरनेटवरचं नाव. पॅसिफिक महासागरातली 9 बेटं, सगळी मिळून जेमतेम 26 चौरस किलोमीटर जमीन आणि साधारण 11 हजार लोक. या नावाच्या वापराचे पैसे तुवालूला मिळतात. पण तांदूळ, पीठ, डबाबंद मांस जहाजानेच येतं. जहाज लांबलं तर पैसे असूनही ताटात काय वाढणार? म्हणून तिथे शेती कशी करतात ते मी शोधलं. तेच सोप्या भाषेत सांगतो.

अडचण नेमकी काय?

ही बेटं प्रवाळाची आहेत. माती म्हणजे चुन्याची वाळू. ती पाणी धरत नाही आणि तिच्यातून पिकाला लोह, जस्त नीट मिळत नाही. नद्या नाहीत. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण गोडं पाणी हलकं असतं. या थराला ‘गोड्या पाण्याचं भिंग’ म्हणतात. हिशोब असा: गोडं पाणी समुद्रपातळीच्या 1 मीटर वर असेल, तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. पण अशा बेटांवर ती उंची मीटरभरही नसते. त्यामुळे भिंग पातळच राहतं.

जुना उपाय: पुलाका

पुलाका हा आपल्या अळूच्याच कुळातला मोठा कंद. त्यासाठी भिंगाच्या पाण्यापर्यंत खड्डा खणतात आणि पालापाचोळा कुजवून घालतात. खड्ड्यात खारं पाणी शिरलं की कंद सडतो. 2015 मध्ये ‘पाम’ चक्रीवादळाच्या लाटांनी काही बेटांवर हेच केलं.

नवा उपाय: शेतच वर उचला

राजधानी फुनाफुतीमध्ये ‘फूडक्यूब’ नावाचे मोठे प्लास्टिकचे डबे वापरून बाग केली आहे. डब्याच्या तळाशी पाणी, त्यावर खतमाती. कंदिलाच्या वातीतून रॉकेल वर चढतं, तसं पाणी मातीतून मुळांपर्यंत चढतं. वरून शिंपडायचं नसल्यामुळे वाफ होऊन कमी पाणी जातं, आणि जमिनीतलं मीठ मुळांपर्यंत पोचतच नाही. खत बेटावरच्याच पाल्याचं करता येतं.

मर्यादा काय?

डब्यात पालेभाजी, काकडी होते, पण रोजचं पोट भरणारा कंद नाही. डबेही जहाजानेच येतात. आणि सगळा भरवसा पावसावर. 2011 च्या दुष्काळात तुवालूला पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

म्हणून कंदावरही काम चालू आहे. फिजीतल्या सुवा इथे पॅसिफिक देशांची पिकांची जनुकपेढी आहे. तिथे अळूवर्गीय कंदांचे अनेक वाण काचेच्या नळीत, ऊतीसंवर्धनाने जपतात. रोपाला माती आणि कीड चिकटलेली नसल्यामुळे ते दुसऱ्या बेटावर पाठवणं सुरक्षित असतं. कोणता वाण खारटपणा आणि दुष्काळ सोसतो, हे तपासून पाहिलं जातं.

घरी करून पाहायचं असेल तर

मी गॅलरीत थर्माकोलच्या खोक्यात हाच प्रयोग केला. पहिल्या पावसात मेथी सडली, कारण जादा पाणी बाहेर जायला भोक ठेवलं नव्हतं. तुम्ही पाण्याच्या थराच्या वरच्या पातळीला एक भोक नक्की ठेवा. त्या एका भोकामुळे माझी दुसरी मेथी वाचली.