हवेवर तरंगलेली मोटार

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारत असा पोलादाची कास धरीत असताना अमेरिकेतील मोटार मात्र पोलाद सोडू पाहत होती. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहममध्ये पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या आल्या. ओझ्याने गाडी खचली की चाकाकडील दांडी झडप उघडी, हवा आत शिरे आणि गाडी पूर्वीच्या उंचीवर येई. दांडीची जुळणी बदलली की ती उंचीही बदले. परंतु हवा गळे, उभी गाडी खाली बसे. अखेर कित्येक मालकांनी पोलादी स्प्रिंगाच बसवून घेतल्या. पुढे ही विद्या सुधारून परतली. तरी जुन्या गाडीबाबत एक नियम कायम आहे: आधी गळती थांबवावी, मग उंची जुळवावी.