वसईच्या घंटा

उमेळे गावापासून जवळच, खाडी समुद्राला मिळते तिथे वसईचा किल्ला आहे. आत सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे. त्यातला गोल जिना अंधारातून वर चढतो, वरच्या कमानी मात्र रिकाम्या आहेत. वसईच्या चर्चमधल्या जुन्या घंटांपैकी बऱ्याच ऐकायच्या तर आज घाट चढून देशावर जावे लागते.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डॉमिनिकन संघांनी किल्ल्यात मोठमोठी चर्च बांधली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेने सेंट सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंग लावले आणि किल्ला पडला. अटी ठरल्या, पोर्तुगीज सन्मानाने निघून गेले. घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि विजयाची खूण म्हणून देवाला वाहिल्या गेल्या.

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात जी घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. देऊळ बांधले १७४७ मध्ये, म्हणजे देवळापेक्षा घंटाच वयाने मोठी. भीमाशंकरलाही अशीच एक आहे. मला सर्वांत जवळची वाटते ती मेणवलीची. वाईजवळ कृष्णेच्या घाटावर, नाना फडणीसांच्या वाड्यामागे ती टांगलेली आहे. साल १७०७. अंगावर बाळ येशूला घेतलेली मरियम उठावात कोरलेली आहे, आणि समोर मेणेश्वर महादेव.

घंटेचा धातू म्हणजे तांबे आणि कथील, साधारण चार भागांना एक. कथील कमी केले की त्याच धातूची तोफ ओतता येते. युरोपात लढाईच्या दिवसांत चर्चच्या घंटा वितळवून तोफा केल्या जात. मराठ्यांनाही तोफा हव्याच होत्या, तरी या घंटा भट्टीत गेल्या नाहीत. त्यांच्यावरचे क्रूस, मूर्ती, अक्षरे कोणी घासूनही काढली नाहीत. या घंटांची गोष्ट नेहमी लुटीची म्हणून सांगितली जाते. मला त्यातली ही राखण मोठी वाटते.

आता एवढेच व्हावे: किल्ल्यातल्या मनोऱ्यांपाशी एक फलक लागावा आणि वसईच्या घंटा आज कुठे कुठे वाजतात, ती गावे त्यावर लिहावीत. उमेळे-पापडी या वसईतल्या गावांच्या पोरांना आपली घंटा बघायला नाशिकला, मेणवलीला जाता येईल.