गायिकेचा आवाज कुठे गेला? साडेतीन मिलिमीटरच्या पिनेचा इतिहास

काही महिन्यांपूर्वी एका मित्राच्या जुन्या गाडीतून आम्ही बंगळूरुहून म्हैसूरला चाललो होतो. गाडीच्या स्टिरिओला ब्लूटूथ नव्हते, फक्त ऑक्सचे एक छिद्र होते. फोनपासून त्या छिद्रापर्यंत एक साधी केबल जोडली आणि चित्रपटातले एक गाणे लावले. व्हायोलिने वाजली, डावीकडून सतार आली, पण गायिकेचा पत्ताच नव्हता. शब्दांच्या जागी जणू पोकळी होती. दुसरे गाणे लावले, तिथेही तेच. वाटेत फोनची बॅटरी उतरली म्हणून गाडीतला चार्जर जोडला, आणि त्याच क्षणी गायिका परतली. मात्र ती एकटी आली नव्हती. तिच्यामागे एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली आणि मित्राने ॲक्सिलरेटर दाबला की ती शीळ वरच्या पट्टीत चढे.

आवाज हरपणे, तो परतणे आणि ती शीळ, या तिन्ही गोष्टींचे उत्तर एकच आहे. ते उत्तर सुमारे दीडशे वर्षे जुने आहे.

केबलच्या टोकाची पिन जरा निरखून पाहा. धातूचे तीन भाग दिसतील, मध्ये प्लास्टिकच्या दोन काळ्या रेघा. अगदी पुढचे ते टोक, त्यामागचे कडे आणि सर्वांत मागची नळी. ही रचना संगीतासाठी जन्माला आलेली नाही. ती आली टेलिफोन एक्स्चेंजमधून.

२८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. ग्राहक होते २१. जॉर्ज कॉय याने तिथला स्विचबोर्ड घोडागाडीचे बोल्ट आणि असेच हाताशी आलेले सामान वापरून जुळवला होता. बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, कोलकात्यात भारतातील पहिल्या एक्स्चेंजचे उद्घाटन मेजर ई. बेरिंग यांच्या हस्ते झाले. मुंबई आणि मद्रास येथील एक्स्चेंजेही त्याच काळातील. ग्राहकांची संख्या वाढू लागली, तशी एकाची तार दुसऱ्याच्या तारेला क्षणात जोडण्याची आणि सोडवण्याची सोय हवी झाली. शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील चार्ल्स स्क्रिब्नर याने घडीच्या चाकूसारख्या आकाराचा एक स्विच बनवला. अशा चाकूला इंग्रजीत ‘जॅकनाइफ’ म्हणतात. त्यातला चाकू पुढे गळून पडला आणि ‘जॅक’ तेवढा उरला. आज आपण हेडफोनच्या छिद्राला जॅक म्हणतो, तो शब्द तिथला आहे. एक्स्चेंजची पिन पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीची होती. इलेक्ट्रिक गिटारला आजही त्याच जाडीची पिन लागते.

त्या काळी टेलिफोनवाल्यांना छळणारा मोठा शत्रू होता गोंगाट. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे, परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. तारेचा खर्च निम्मा होई, पण जमीन ही सर्वांची सामाईक होती. शेजारची तारयंत्रे आणि पुढे आलेल्या विजेच्या ट्राम यांचे प्रवाहही तिच्यातूनच वाहत. ते सारे संभाषणात घुसत.

यावरचा उपाय भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अतिशय देखणा आहे. परतीसाठी जमीन वापरायचीच नाही, दुसरी तार टाकायची. दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. ऐकणाऱ्या यंत्राने दोन तारांमधला फक्त फरक ऐकायचा. संदेश फरकात असतो, गोंगाट दोन्हीकडे सारखा असतो. वजाबाकीत गोंगाट शून्य होतो आणि संदेश उरतो. पीळ दिलेल्या तारांच्या जोडीचे पेटंट स्वतः अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८१ मध्ये मिळाले. एक्स्चेंजच्या पिनेवर या जोडीतील एक तार टोकाला आणि दुसरी कड्याला जोडलेली असे. मागच्या नळीचे काम वेगळे होते. समोरची लाइन व्यस्त आहे का, हे ऑपरेटरला तिच्यावरून कळे.

पुढे पिन लहान होत गेली. ट्रान्झिस्टर रेडिओसोबत ३.५ मिलिमीटरची पिन घरोघर पोचली आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने तिला तरुणांच्या कानापर्यंत नेले. वॉकमन स्टिरिओ होता. डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र संकेत न्यायचे, आणि पिनेवर भाग मात्र तीनच. स्टिरिओच्या रिवाजानुसार टोक डाव्या कानाला मिळाले, कडे उजव्या कानाला, आणि नळी झाली दोघांची सामाईक परतीची तार, म्हणजे ग्राउंड. पिनेचे रूप तेच राहिले, अर्थ मात्र पूर्ण बदलला. टेलिफोनच्या अभियंत्यांनी जिथून हद्दपार केली होती, त्याच ठिकाणी सामाईक परतीची वाट पुन्हा आली.

यात अभियंत्यांची चूक नव्हती. वॉकमन खिशात, हेडफोन कानावर, दोघांचा बाहेरच्या कोणत्याही विद्युतमंडलाशी संबंध नाही. सामाईक तारेत गोंगाट शिरायला वाटच नव्हती. मात्र या रचनेमागे एक गृहीतक होते. ही दोन उपकरणे आणखी कशालाही जोडलेली नसतील, असे ते गृहीतक. गाडीत नेमके तेच मोडते.

आता आमच्या गाण्याकडे येऊ. त्या केबलमधील ग्राउंडची तार पिनेच्या मानेशी तुटली होती. तिथेच केबल सर्वाधिक वाकते. ग्राउंड नसल्यामुळे डाव्या आणि उजव्या संकेतांना एकमेकांचाच आधार घ्यावा लागला आणि स्टिरिओला केवळ त्यांच्यातील फरक पोचला. ध्वनिमुद्रणात मुख्य गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना समसमान ठेवतात, म्हणून तो मधोमध उभा असल्याचा भास होतो. समसमान म्हणजे वजाबाकीत शून्य. एका बाजूला झुकलेली वाद्ये उरली, गायिका नाहीशी झाली. एकेकाळी ज्या वजाबाकीने गोंगाट पुसला, तिनेच इथे गाणे पुसले.

चार्जर जोडल्यावर फोनचा ग्राउंड गाडीच्या सांगाड्यामार्गे स्टिरिओच्या ग्राउंडशी जुळला आणि गायिका परतली. पण त्याच वाटेने चार्जिंगचा प्रवाहही वाहत होता. तारेचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १ ॲम्पियर धरला, तर ओहमच्या नियमानुसार ०.१ व्होल्टचा फरक पडतो. फोनचा संगीतसंकेतच जेमतेम अर्ध्या-एक व्होल्टचा असतो. त्या ०.१ व्होल्टमधला जो अंश इंजिनावर फिरणाऱ्या अल्टरनेटरबरोबर थरथरतो, तोच शीळ होऊन ऐकू येतो. केबल धडधाकट असती, तरी चार्जर आणि ऑक्स एकाच वेळी जोडल्यावर ही शीळ येऊ शकते. तिला ग्राउंड लूपचा त्रास म्हणतात.

म्हणूनच केबल निवडताना आपण चुकीच्या गोष्टीला पैसे मोजतो. दुकानात सोन्याचा मुलामा आणि ‘ऑक्सिजनमुक्त तांबे’ यांची जाहिरात असते. गणित करून पाहा. एक मीटर केबलचा रोध ओहमच्या काही दशांशांत असतो, तर स्टिरिओच्या ऑक्सचा रोध साधारण दहा हजार ओहमच्या घरात. तांबे कितीही शुद्ध असले, तरी या गुणोत्तरात कानाला जाणवेल असा फरक पडत नाही. केबलची धारकता मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड आणि फोनचा आउटपुट रोध १०० ओहम धरला, तरी संकेत क्षीण होऊ लागतो तो सुमारे १.६ कोटी हर्ट्झच्या आसपास. माणसाच्या कानाची मर्यादा वीस हजार हर्ट्झ. सोन्याचा मुलामा गंज टाळतो, एवढा त्याचा उपयोग खरा. पैसे मोजायचेच तर पिनेच्या मानेशी असलेल्या लवचिक रबरी आधाराला मोजावेत. शीळ येत असेल, तर चार्जर काढून पाहावा, किंवा मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा. त्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. संकेत चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि ग्राउंडची जोडणी तुटते. तत्त्व फॅरडे यांचे, १८३१ सालचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्येही अशीच वेटोळी वापरात होती.

या इतिहासाचा शेवटचा अध्याय सध्या घडतो आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक गेला, मग इतर अनेक फोनमधूनही गेला. त्याची जागा यूएसबी टाइप-सी घेत आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने याच टाइप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. प्रत्येक उपकरणाला वेगळा चार्जर लागू नये आणि ई-कचरा कमी व्हावा, हा हेतू स्वागतार्ह आहे. पण छिद्राचा आकार एक झाला म्हणून आतला अर्थ एक होतोच असे नाही.

टाइप-सीच्या छिद्रात २४ संपर्क असतात. काही फोन त्यातील डेटाच्या तारांवरूनच थेट ॲनालॉग संगीत सोडतात. बाकीचे फक्त आकडे पाठवतात, आणि त्या आकड्यांचे ध्वनिसंकेत करणारी चिप, म्हणजे डॅक, केबलमध्येच असावी लागते. पहिल्या प्रकारची डॅक नसलेली केबल दुसऱ्या प्रकारच्या फोनला लावली, तर मुळीच आवाज येत नाही. दोन्ही केबल दिसायला सारख्या असतात. माझ्या टेबलाच्या खणात अशी एक मुकी केबल पडून आहे. घेताना विक्रेत्यानेही डॅकचे नाव काढले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. आता तीच ई-कचरा ठरणार आहे.

तेव्हा टाइप-सी फोनसाठी ऑक्स केबल घ्यायची असेल, तर वेष्टनावर डॅक असल्याचा उल्लेख शोधा. गाडीचा यूएसबी पोर्ट फोनमधील संगीत थेट वाचत असेल, तर डेटा नेणारी साधी केबलही पुरते, कारण तिथे संकेताऐवजी आकडे जातात आणि शिळेला शिरायला जागा उरत नाही. आणि विद्यार्थिमित्रांनो, कधी गाण्यातून गायक नाहीसा झाला, तर केबल लगेच फेकू नका. आधी पिनेची मान हलकेच वाकवून पाहा. आवाज येऊन-जाऊन होत असेल, तर तिसरी तार तुटली आहे. ती पुन्हा जोडायला थोडे कथिल आणि सोल्डरिंगची कांडी पुरे. मित्राच्या गाडीतली ती केबल आम्ही म्हैसूरला पोचल्यावर अशीच दुरुस्त केली. परतीच्या वाटेवर गायिका सोबत होती, चार्जर मात्र आम्ही काढून ठेवला होता.